माळ्यावरची गोधडी कला केव्हा होते?

माळ्यावर, नाहीतर दिवाणाच्या पोटात, तुमच्या घरी एखादी जुनी गोधडी असेलच. सासूबाईंनी शिवलेली, किंवा पहिल्या बाळंतपणाहून परतताना आईने बरोबर दिलेली. पांघरायला ती आता कुणी घेत नाही. मुलांना ब्लँकेट हवं असतं. दर दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली येते, गच्चीत उन्हात पडते, "टाकवतही नाही मेली" असं ऐकून घेते आणि पुन्हा वर जाते. मग कधीतरी मोठ्या शहरातल्या एखाद्या चकचकीत दुकानात तश्शीच गोधडी भिंतीवर टांगलेली दिसते. वर छोटासा दिवा, खाली 'पारंपरिक हस्तकला' अशी पाटी. किंमत विचारायचा धीर होत नाही.

तेच जुन्या लुगड्यांचे तुकडे, तोच धावदोरा. मग माळ्यावर असताना ती अडगळ आणि भिंतीवर गेली की कला, हे कसं काय?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न पंडितांचा. आम्हाला संध्याकाळच्या भाजीचा प्रश्न पडलाय. पण हा प्रश्न आपल्याही घरात शिरलेला आहे बरं का! वस्तू कला ठरली तर ती जपली जाते, नाही ठरली तर तिचं पायपुसणं होतं. शिवणारी कलावंत ठरली तर तिच्या हाताची किंमत होते, नाही ठरली तर तिला नगावर मजुरी मिळते. आणि घरातच शिवलं असेल, तर तीही नाही.

आपल्याकडे 'चौदा विद्या, चौसष्ट कला' असं आपण सहज म्हणून जातो. त्या चौसष्टांत काय काय होतं ते कधी पाहिलंय? वात्स्यायनाने दिलेल्या यादीत गाणं, नाचणं, चित्रं काढणं आहेच. पण तांदूळ आणि फुलं मांडून जमिनीवर आकृत्या काढणं, हार गुंफणं, शिवणकाम, अंथरूण घालणं, तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या आणि खाद्यपदार्थ करणं हेही त्याच ओळीत बसलेलं आहे. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं आणि कोंबड्यांच्या झुंजी लावणं हीसुद्धा कलाच! म्हणजे कला म्हणजे कसब, हात बसलेलं काम. चित्रकार वर आणि रांगोळी काढणारी खाली, अशी उतरंड त्यात नव्हती. पुढे साहेबाच्या शिक्षणाबरोबर ललित कला वेगळ्या आणि कारागिरी वेगळी, अशी वाटणी पक्की होत गेली. चित्रशाळेत शिकलेल्याचं नाव चित्राच्या कोपऱ्यात आलं, आणि दारातली रांगोळी दुपारपर्यंत पावलांखाली पुसली जायला मोकळी राहिली.

संग्रहालयाची पायरी पुसणारी बाई

जागा बदलली की वस्तूचा मान बदलतो, हे पाश्चात्त्य कलावंतांनी अगदी टोकाला नेऊन दाखवलं. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने पुरुषांच्या मुतारीतलं चिनीमातीचं भांडं विकत आणलं, त्यावर 'आर. मट' अशी खोटी सही ठोकली आणि प्रदर्शनाला पाठवून दिलं. ज्या मंडळाने कुणाचंही काम नाकारणार नाही असं जाहीर केलं होतं, त्याच मंडळाने ते मांडायला नकार दिला. मूळ भांडं हरवलं. आज त्याच्या नकला मोठमोठ्या संग्रहालयांत दिमाखात बसल्या आहेत. ऐकून हसू येतं. पण त्याने काढलेला मुद्दा खोटा नव्हता. वस्तू कुठे ठेवली आणि तिच्यावर कुणाची सही आहे, यावरच जग मान डोलावतं.

मला विचाराल तर द्युशाँपेक्षा आपल्या कामाची गोष्ट आहे मिअर्ली लॅडरमन युकेलीस या अमेरिकन बाईची. ही शिकलेली कलावंत. १९६८ साली तिला पहिलं मूल झालं आणि सगळा दिवस लंगोट, दूध, धुणं यांत जायला लागला. एकीकडे आपण कलावंत आणि दुसरीकडे आपण घरकाम करणारी बाई, असे आपले दोन तुकडे झालेत असं तिला वाटू लागलं. ही ओढाताण तुम्हाला काही समजावून सांगायला नको. १९६९ मध्ये तिने बसून एक जाहीरनामाच लिहून काढला. त्याचा मतलब असा, की मी झाडते, पुसते, धुते, रांधते, जुनं टिकवून धरते. आता हेच मी लोकांसमोर करीन, आणि तीच माझी कला.

१९७३ मध्ये हार्टफर्ड गावच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात तिने ते करून दाखवलं. गुडघ्यांवर बसून, हातात फडकं घेऊन तिने बाहेरच्या पायऱ्या धुतल्या, आतली फरशी पुसली. तासन्‌तास. फडक्यांच्या जागी बाळाचे लंगोट होते.

पण तिची खरी गंमत पुढेच आहे. त्या संग्रहालयात इजिप्तची एक ममी काचेच्या पेटीत ठेवलेली होती. ती काच रोज एक सफाई कामगार पुसायचा. युकेलीसने आधी त्याला नेहमीसारखी काच पुसायला लावली. मग तिने स्वतः तीच काच, तशीच पुसली, आणि ही आता कलाकृती झाली असा शिक्का तिच्यावर मारला. झालं! कलाकृतीला हात लावायचा अधिकार सफाई कामगाराला नसतो, तो असतो वस्तूंची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाला. त्यामुळे त्यानंतर ती काच पुसायची वेळ आली तेव्हा त्या तज्ज्ञाला बोलवावं लागलं. काच एकच, फडक्याचा हात तोच. पहिल्याचं पुसणं म्हणजे नोकरी, दुसरीचं कला, तिसऱ्याचं शास्त्र!

इतक्या थोडक्यात एवढं नेमकं बोट क्वचितच कुणी ठेवलं असेल. आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. १९७९-८० मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना ती एकेक करून भेटली, प्रत्येकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले.

आता यावरून कुणी निष्कर्ष काढेल, की चला, घरकाम ही कलाच! तर मैत्रिणींनो, इथे जरा सावध राहा. "स्वयंपाक ही एक कला आहे" हे वाक्य आपण लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकतो. बहुतेक वेळा ते म्हणणारा पंगतीत बसलेला असतो, आणि वाक्य संपलं की वाटी पुढे करतो. "तुझ्या हाताला चव आहे गं" याचा अर्थ पुष्कळदा "म्हणजे उद्याही तूच कर" एवढाच असतो. चित्रकाराला 'तुमची कला थोर' म्हटल्यावर कुणी त्याच्यापुढे भांड्यांची रास ठेवत नाही. रोजच्या वीस पोळ्या ही मेहनत आहे. तिला मेहनतच म्हणावं, आणि घरातल्यांनी ती वाटून घ्यावी. तिच्यावर कलेची शाल पांघरली की मदत मागायची सोय राहत नाही.

गरजेपुढचा एक टाका

मग रोजच्या कामात कला नसतेच का? असते. कुठे असते ते ओळखायला मी एक साधी खूण धरते: गरज भागल्यानंतर हात थांबला की पुढे गेला?

पुण्याला कधी गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस काढा. दिनकर गंगाधर केळकरांनी उभं आयुष्य खेड्यापाड्यांत, वाड्यांत, जुन्या बाजारांत हिंडून या वस्तू जमवल्या. राजामहाराजांचे मुकुट कमी आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातल्या चिजा जास्त: दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, पानाचे डबे, अडकित्ते. नुसते अडकित्ते बघा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरे. पण कुणी त्याचा मोर केलाय, कुणी घोडा, कुणी स्त्री-पुरुषाची जोडी. सुपारी काही त्याने अधिक बारीक होत नाही. त्या लोहाराला वाटलं, म्हणून केलं.

हीच खूण गोधडीला लावा. ऊब हवी तर चार पदर एकावर एक घालून कसेही टाके मारले तरी चालतात. पण तुमची सासू तसं करत नव्हती. लाल काठ कुठे यायचा हे तिने ठरवलं होतं. धावदोरा कडेने सुरू करून चौकोनात चौकोन असा आत आत नेत ती मधोमध आली होती. एखादा ठिगळाचा तुकडा मुद्दाम तिरका घातला होता. उत्तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' नावाच्या गोधड्या शिवतात. यांच्यातल्या अनेकींच्या पूर्वजांना पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेलं होतं. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावायची रीत आहे. त्यांना 'फुला' म्हणतात. ऊब वाढवायला फुलांचा काडीचाही उपयोग नाही. पण ती नसली तर गोधडी नागडी दिसते, असं त्या बायका म्हणतात. 

मला वाटतं, कलेची व्याख्या करायला निघालेल्या पुष्कळ जाडजूड ग्रंथांपेक्षा हा एक शब्द जास्त सांगून जातो.

म्हणजे दोन वेगळे प्रश्न आपण एकात कालवतो. वस्तूत कला *आहे* का, हे करणारीच्या हाताने ठरतं. पण ती कला म्हणून *धरली* जाते का, हे ठरतं जागेवर, नावावर आणि पैशावर. पहिलं आपल्या बायकांकडे कधी कमी नव्हतं. घोडं अडतं ते दुसऱ्यापाशी.

एकच माणूस, तोच कागद

हे दुसरं कसं घडतं याची दोन उदाहरणं आपल्या देशात आहेत, आणि दोन्हींत एकच मराठी माणूस आहे, ही मला फार नवलाची गोष्ट वाटते.

बिहारच्या मिथिला भागात लग्नघरी 'कोहबर' नावाची खोली असते. वधूकडच्या बायका तिच्या भिंती कमळं, बांबू, मासे, देवदेवता यांनी भरून टाकतात. हे सगळं घराच्या आत. परक्या पुरुषाची नजर तिथवर जायची नाही. १९३४ च्या मोठ्या भूकंपात घरं कोसळली तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला त्या आतल्या भिंती उघड्या पडलेल्या दिसल्या, आणि १९४९ मध्ये त्याने 'मार्ग' या नियतकालिकात त्यांच्यावर लिहिलं. तरी त्या राहिल्या भिंतीच. पुढे १९६६-६७ चा दुष्काळ आला. बायकांच्या हाताला काही कमाई मिळावी म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला कागद देऊन मधुबनीकडे पाठवण्यात आलं. भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, एवढंच सांगणं.

भिंत विकता येत नाही, कागद येतो. भिंतीवर नाव घालत नाहीत, कागदाच्या कोपऱ्यात घालतात. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवी यांना १९८१ मध्ये, गंगा देवी यांना १९८४ मध्ये. साऱ्या बायका, आणि साऱ्या आपापल्या नावाने.

आता आपल्या डहाणूकडे या. वारल्यांच्या लग्नात घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहितात, त्यात पालघट देवी बसते. तो लिहायचा मान सवाशिणींचा. धवलेरी गाणी म्हणते. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे चित्रकार बाई, गाणारीही बाई.

सत्तरीच्या सुरुवातीला तेच भास्कर कुलकर्णी, तसाच कागद घेऊन इथे आले. पण चौक हा लग्नाचा विधी. लग्नाशिवाय, कागदावर, विकण्यासाठी लिहायचा कसा? कागदावर हात मोकळा सोडला तो प्रामुख्याने पुरुषांनी. त्यांतले सर्वांत मोठे गंजाडचे जिव्या सोमा मशे. त्यांची थोरवी कमी लेखायचं काही कारण नाही. मासेमारीचं जाळं कागदभर पसरलेलं त्यांचं चित्र पाहिलं तर डोळे त्यात अडकतात. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या तो चौक लिहिला त्यांतल्या एकीचं तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे? मलाही नाही. आज वारली बायकाही कागदावर आणि कापडावर रंगवतात. तुमच्या पडद्यांवर, कपांवर, कुर्त्यांवर ती गोल-त्रिकोणी माणसं नाचतात. पण 'वारली' म्हटलं की जे पहिलं नाव तोंडी येतं ते पुरुषाचं.

कला तीच, कागद तोच, घेऊन येणारा माणूस तोच. एका ठिकाणी बायकांना नाव मिळालं, दुसऱ्या ठिकाणी नाव कागदाबरोबर अंगणात गेलं आणि बायका भिंतीशी राहिल्या.

आणखी एक नाव सांगायलाच हवं. मिथिलेतल्या रांटी गावच्या दुलारी देवी. मल्लाह समाजातल्या, शाळा न पाहिलेल्या. महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी या नावाजलेल्या चित्रकर्तींच्या घरी त्या झाडू-भांडी करायच्या. काम करता करता बघायच्या, आणि पुढे त्यांनीच हातात काडी धरली. त्यांच्या चित्रांत देवादिकांइतकीच कोळणी, शेतातली मजुरी, आपली माणसं दिसतात. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या अमेरिकन युकेलीसबाईंना हे कळलं तर किती बरं वाटेल!

बरं, एकदा कला म्हणून शिक्का बसला की सगळं सुरक्षित, असंही समजू नका. गंगा देवींनी १९९० च्या सुमारास दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं. त्याच काळात त्या कॅन्सरशी झगडत होत्या. आपल्या उपचारांचीही त्यांनी चित्रं काढली. १९९१ मध्ये त्या गेल्या. आणि संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबर घर नष्ट झाल्याचं २०१५ मध्ये उघडकीला आलं. गावातली भिंत पुढच्या लग्नासाठी पुन्हा सारवायचीच असते, त्याचं कुणाला दुःख नाही. तिथे नवी चित्रं काढणारे हात घरातच असतात. पण संग्रहालयातली भिंत गेली ती गेलीच.

तेव्हा सगळं काही संग्रहालयांवर सोपवून चालणार नाही. आपल्या घरचं आपणच बघायचं. येत्या रविवारी ती गोधडी खाली काढाच.

उन्हात टाकायची तर सकाळच्या कोवळ्या, दुपारच्या नाही. जुनी लुगडी विटतात. यंत्रात धुऊ नका. फारच मळली असेल तर टबात रिठ्याच्या पाण्यात बुडवा, पिळू नका, आणि ओली असताना खाली चादर घालून दोघींनी मिळून उचला, नाहीतर स्वतःच्याच वजनाने टाके तुटतात. पूर्ण वाळल्यावर जुन्या मऊ सुती साडीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होऊन काळे डाग पडतात. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर फडक्यात बांधून, कापडाला लागणार नाहीत अशा. दर वर्षी घडी बदला, म्हणजे एकाच जागी चिरणार नाही. सुटलेल्या टाक्याला जुळता सुती दोरा वापरा. टेरिकॉटचा दोरा जुन्या कापडाला कापतो.

नवी गोधडी विकत घेणार असाल तर रंगसंगतीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: कुणी शिवली, आणि तिला यातले किती मिळाले. दुकानदाराला पहिल्या वेळी उत्तर येणार नाही. चार जणींनी विचारलं की येईल.

आणि माळ्यावरच्या त्या गोधडीच्या उलट्या बाजूला, एका कोपऱ्यात, बोटभर सुती पट्टी शिवा. पट्टी आधी धुऊन घ्या, म्हणजे आटणार नाही. त्यावर साध्या दोऱ्याने नाव घाला. सासूबाईंचं घालताना 'आजी' किंवा 'माई' नको, पूर्ण नाव. जमलं तर माहेरचंही. गाव. साल ठाऊक असेल तर साल, नाहीतर "थोरल्याच्या जन्माच्या वेळी" असंही चालेल. शाईने लिहू नका, पहिल्याच धुण्यात जाते. सासूबाई हयात असतील तर पट्टी शिवायच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते एकेक करून विचारून घ्या. हिरवा बहुधा त्यांच्या आईच्या लुगड्याचा निघेल.